गावाकडचं मत

भागूबाई उस्मानपुऱ्यात लेकाकडं राहायला आली, त्याला वीस वर्षं होऊन गेली. शहर वाढलं, मतदारसंघांच्या हद्दी बदलल्या, पण मतदार म्हणून आपलं नाव तिनं देवगाव रंगारीतून हलवू दिलं नाही. दर विधानसभेला आप्पासाहेब कुरकुरत का होईना, आईला गाडीत घालून गावी नेई.

यंदाही नेलं. शाळेच्या आवारात लिंबाखाली बानाबाई तिची वाट बघत होती. बहात्तरच्या दुष्काळात दोघींनी रोजगार हमीवर शेजारी बसून खडी फोडली होती. पुढं बानाबाईचं बिऱ्हाड मेंढरांमागं सोयगावकडं गेलं, ते तिकडंच राहिलं. मत मात्र तिचंही अजून इथंच होतं. दोघी हातात हात घेऊन बोलत बसल्या.

दुपार कलली. रांग कधीच संपली होती. आप्पासाहेब तिसऱ्यांदा येऊन म्हणाला, "आई, आता तरी ऊठ. मत कुणाला द्यायचं, ते ठरंना का तुझं?"

"ते सकाळीच ठरलं, बाबा," भागूबाई म्हणाली. "पण बोटाला शाई लागली की तू मला लगीच गाडीत बसवतो."