टाकीचं झाकण

जगातला कोणताही बिघाड कार्बोरेटर उघडला की मिटतो, असं हिरामणचं मत होतं. खालापूरच्या वाटेवर त्यानं तो तीनदा उघडला, तरी जुनी पिकअप खोकून गप्प बसली. गाडीच्या मागच्या हौद्यात मुलीच्या साखरपुड्याचं जेवण होतं आणि तिकडे व्याही मंडळी पानावर बसली होती. “पेट्रोलच येत नाय वर,” म्हणत त्यानं टाकीची नळी तोंडात धरून जोरात ओढली. पेट्रोलबरोबर काळ्या दोऱ्यांचा बुळबुळीत गोळा जिभेवर आला. सोबत आलेल्या त्याच्या बायकोनं नाकाला पदर लावून तो निरखला. “हा तुमचा मोजा हाय.” “टाकीचं झाकण हरवलं म्हणून कोंबला व्हता. गेला वाटतं आत.” “धुतला तरी व्हता का?” “टाकीत घालायला कोण धुतो?” हिरामण ओकून आला. नळी परत जोडताच गाडी सुरू झाली. बायको दाराला चिकटून बसली आणि म्हणाली, “एवढं करा, तिकडं तोंड उघडू नका.”