डाव्या हाताची सही

"आईच्या लिफाफ्यावर सही तू केलीस ना?" मी मुलाला विचारलं.

निवडणूक कार्यालयाचं पत्र माझ्या हातात होतं. अमेरिकन काँग्रेससाठी माझ्या बायकोने टपालाने दिलेलं मत अडकलं होतं. सही जुन्या सहीशी जुळत नव्हती. बायको जाऊन आठ दिवस झाले होते. ओहायोतल्या आमच्या मतदारसंघात फक्त नऊ मतांचा फरक होता. मुलगा ज्या उमेदवाराचा प्रचार करायचा, तो तिला मुळीच आवडत नव्हता. आणि हॉस्पिटलमधून लिफाफा त्यानेच नेला होता.

"मरणाऱ्या आईचं मत चोरलंस?"

"बाबा, सही तिचीच आहे. डाव्या हाताची."

"ती उजव्या हाताने लिहायची. मला शिकवतोस?"

"उजवा तुम्ही धरून बसला होतात. तिथेच तुमचा डोळा लागला. मी हात सोडवायला गेलो, तर मलाच दटावलं. म्हणाली, 'झोपू दे त्यांना. दोन दिवस जागेच आहेत.'"

मी खुर्चीत बसलो. घरच्यांना खुलासा करायला शुक्रवारपर्यंत मुदत होती.

"पेन आण," मी म्हणालो. "तिचा उजवा हात कुठे होता, ते मी लिहून देतो."