माशांचा रोग

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्चाहून दलित वस्तीतली माणसं परतली, त्याच आठवड्यात गावतळ्यातले मासे अंगावर लाल जखमा घेऊन मरू लागले. वस्तीनंच सूडापोटी विष कालवलं असं ठरवून सरपंच दिनकररावांनी त्यांना विहीर बंद केली.

माशांच्या रोगांवर संशोधन करणाऱ्या डॉ. कुमुद रेगे रत्नागिरीहून मुद्दाम आल्या. जखमेचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून त्यांनी चावडीवर सगळ्यांदेखत सांगितलं, "कुणीही विष घातलेलं नाही. हा रोग आहे, पार बंगालपासून पसरत आलाय."

दिनकररावांनी स्वतः नळीला डोळा लावला. "खरंच की! तुमी लय शिकलेल्या हाव, मॅडम. ह्यो रोग एकाचा दुसऱ्याला होतो का?"

"होतो, पण माशांमध्येच. माणसाला नाही." रेगेबाईंचा जीव भांड्यात पडला. "मग आजच विहीर खुली करताय ना?"

दिनकरराव चावडीखाली उन्हात ताटकळलेल्या वस्तीच्या माणसांकडे वळले.

 

"ऐकलं का रं? मॅडम म्हनायल्यात, तळ्यात पसरणारा रोग हाय. ते मासे तुमीच खाता. आता तर विहिरीकडं फिरकायचं बी न्हाई."