आतली चिठ्ठी

“बाटली खाली ठेव, कालिंदी. ते म्युझियमचं सामान आहे,” देवस्थळी सर खुर्चीतून ओरडले.

मी ठेवली नाही. वीस वर्षांपूर्वी त्यांनी आल्प्समधून आणलेला मिलिपीड, आपल्याकडच्या पैसा किड्याचा भाऊबंद, स्पिरिटमध्ये वेटोळं करून पडला होता. बाटलीवर छापलं होतं: ‘नवी जात. फक्त कड्यावर, २,६०० मीटर.’ सरांचं सगळं नाव या एका किड्यावर उभं होतं.

बाटली उजेडात धरली, तर किड्याच्या आड कागदाची चिठ्ठी दिसली. स्पिरिटमध्ये शाई पसरते, पेन्सिल टिकते. म्हणून किडा सापडला तिथेच पेन्सिलीने जागा लिहून चिठ्ठी आत टाकायची, हे सरांनीच माझ्या नवऱ्याला शिकवलं होतं. अक्षर सरांचं होतं.

‘हॉटेलमागच्या लाकडांच्या ढिगात. ६१० मीटर.’

“तुम्ही कड्यावर गेलाच नव्हतात!”

“गुडघा साथ देत नव्हता. आणि खाली सापडला म्हटलं असतं, तर लोकांनी नेहमीच्याच जातीत ढकलला असता,” ते म्हणाले. “नकाशावरच्या एका ठिपक्याने कुणाचं काय बिघडलं?”

मी पर्समधून दुसरी बाटली काढून त्यांच्यापुढे आपटली. गेल्या जूनमध्ये त्याच कड्याखाली माझ्या नवऱ्याचं प्रेत मिळालं, तेव्हा ती त्याच्या खिशात होती. किडा नव्हताच. नुसती पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी.

‘२,६०० मीटर. तिसरा दिवस. सापडत नाही. सर चुकणार नाहीत. उद्या आणखी वर बघतो.’