ड्रायव्हरचं झाकण

"यातला ड्रायव्हर बाहेर कुठून येतो?"

बाईंनी खोक्यावरच्या रणगाड्यावर बोट ठेवलं आणि दुकानदाराचा हात खोक्यावरच थांबला. एवढी वर्षं तो घरी जोडायच्या मॉडेलची किट विकत होता. गिऱ्हाइकं रंग विचारत, तुकडे किती ते विचारत. हे कुणी विचारलं नव्हतं.

त्याचा स्वतःचा मुलगा असाच रणगाडा चालवत होता. खराखुरा, सीमेवर. नऊ दिवस झाले, फोन नव्हता.

बाई पन्नाशीच्या असतील. हातात घडी घातलेली चिठ्ठी. पोरांनी किटचं नाव लिहून दिलेल्या चिठ्ठ्या घेऊन आया येतातच, म्हणून त्यानं आल्या आल्या हात पुढे केला होता. "द्या, बघतो कोणतं ते." पण त्यांनी मूठ घट्ट मिटली होती. "नको. नवा रणगाडा दाखवा. सध्या आपल्या सैन्यात आहे तो."

त्यानं फळीवरून तीन खोके काढले होते. फळ्यांवरची लेबलं मुलानं लिहिलेली, अक्षर ओळ सोडून खाली घरंगळणारं. शाळेत त्यापायी काय कमी बोलणी खाल्ली होती पोरानं! आता बायको त्या लेबलांना कुणाला हात लावू देत नव्हती.

"या पहिल्याचं झाकण चिकटलेलंच येतं," तो म्हणाला. "दुसऱ्याची तोफ फिरत नाही. तुम्ही हा तिसरा घ्या. यात सगळं उघडतं, सगळं फिरतं."

काचेच्या कपाटातून त्यानं मुलानं जोडून ठेवलेला हाच तिसरा रणगाडा बाहेर काढला आणि पुढचं बारकं झाकण नखानं उचललं. "ड्रायव्हर इथून येतो."

बाईंनी झाकण मिटलं. तोफ हळूच फिरवली. नळी नेमकी झाकणावर आली. पुन्हा उघडायला गेल्या, तर ते अडलं.

"आणि तोफ अशी असली तर?"

त्यानं नळी बोटानं बाजूला सारली. नऊ दिवस हाच प्रश्न तो टाळत होता.

"तर नाही येता येत," तो म्हणाला. "पण तसं होत नाही हो, ताई. आग लागली की तोफवाला आधी नळी बाजूला घेतो, मग स्वतः उडी मारतो. शिकवलेलंच असतं तसं. माझा मुलगाही ड्रायव्हर आहे ना! म्हणतो, बाबा, माझा जीव तोफवाल्याच्या हातात, आणि आमचा तोफवाला म्हणजे अगदी सोनं."

बाईंनी मान खाली घातली. "नळी बाजूला घ्यायला वेळ किती लागतो?"

"पाच आकडे मोजेपर्यंत."

"पाचच?" त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

बिचारी. आपल्यासारखीच जीव मुठीत धरून बसलेली दिसते, त्याला वाटलं. त्यानं स्टूल पुढे सरकवलं. बाई बसल्या नाहीत.

"अहो, वाजला का फोन?" आतून बायकोचा आवाज आला.

"नाही गं," तो ओरडला. बाई दचकल्या.

"तोफवाला घाबरला तर?" त्या कशाबशा म्हणाल्या. "पोरच ना तोही? आधी स्वतःच उडी मारली तर?"

"अशी कशी मारेल?" तो एकदम तडकला. "आत माणूस आहे की नाही?" मग स्वतःचीच लाज वाटून त्यानं आवाज खाली आणला. "असलं अभद्र बोलू नका, ताई. तुमचा लेक सुखरूप घरी येईल."

"आलाय," बाई म्हणाल्या. "परवाच. एकटा. तो ड्रायव्हर नाही हो, भाऊ. तोफेवर असतो."

त्यांनी मूठ उघडून चिठ्ठी काउंटरवर ठेवली. तिच्यावर कुठल्याच किटचं नाव नव्हतं. या दुकानाचा पत्ता होता, ओळ सोडून खाली घरंगळणाऱ्या अक्षरात.