उपग्रहावर ढकललेला उशीर

“मी विचारलं, लाडू आवडले का?” बायकोने दुसऱ्यांदा विचारले, आणि बर्फातल्या चौकीवर फोन कानाला लावून उभे असलेले सुभेदार जगदाळे पुन्हा अडखळले. कालच त्या लाडवांनी तुकडीने तंबूच्या खुंट्या ठोकल्या होत्या. पण खरे बोलावे, तर पुढल्या महिन्याची सबंध रजा तिच्याच हातचे खाऊन काढायची होती.

“अगं, आवाज आधी छत्तीस हजार किलोमीटर वर लष्कराच्या उपग्रहाकडे जातो, मग खाली येतो. उशीर व्हायचाच!”

“हो का? मघाशी रजेची तारीख विचारली, तेव्हा उत्तर बरं झटकन आलं!”

सुभेदारांनी शरणागती पत्करली. “खरं सांगू? दगड परवडला. पाक फारच पक्का झालाय.”

मग पलीकडून विजयी स्वर उमटला, “ऐकलंत ना, आई? तुमच्या लाडवांविषयी मी तेच म्हणत होते. आता तुमच्या लेकानंच सांगितलं!”

फोन स्पीकरवर असल्याचे सुभेदारांना तेव्हा उमगले. त्यांनी घाईघाईने आईच्या सुगरणपणाची स्तुती आरंभली. परंतु ती वर जाऊन खाली पोहोचण्याआधीच आईच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला होता.