किणकिण कशाची

“गळा कापायच्या आधी वाजतं ते. कापताना न्हाई,” हैबतराव म्हणाले. “कापताना सगळं गप. तितंच तर तुमच्या दादांची कमाल हाय, ताई.”

पौडच्या जत्रेत तंबू ठोकून सिनेमे दाखवायचे, हा हैबतरावांचा धंदा. त्यांच्याबरोबर आलेला भिवाजी लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. दोघे दुपारच्या एस.टी.ने कोळवणला उतरले होते, ते वत्सलाच्या वडिलांची, वाल्मीकरावांची, शेवटची टेप ऐकायला. ती अजून कुणीच ऐकली नव्हती. वत्सलानेही नाही. दादांचा आवाज पुन्हा ऐकायचा तिला धीरच झाला नव्हता.

तिने ट्रंकेतून टेपरेकॉर्डर काढून घोंगडीवर ठेवला. बॅटरीवर चालणारं हे धूड दादांनी मुंबईहून आणलं होतं. सिनेमाच्या पार्श्वसंगीतात घालायचे आवाज ते इथे घरीच मुद्रित करून स्टुडिओत पाठवत. तिथे मग त्याभोवती सगळा वाद्यवृंद उभा राही. भाद्रपदात न्हाणीत पाय घसरून ते पडले, डोकं दगडावर आपटलं, तेव्हाही टेप यंत्रावर चढवलेलीच होती. शिकवायची त्या पुण्यातल्या शाळेतून वत्सला पोचली, तोवर चितेला अग्नी द्यायचा तेवढा राहिला होता.

आईने त्याच दिवशी सांगितलं होतं, “ते यंत्र हिरीत टाक, वच्छे.”

वत्सलाने ते पुण्याला नेलं, ते आजच परत आणलं होतं. पडद्यावर दादांचं नाव कधी आलं नव्हतं. आता हैबतरावांच्या ओळखीची एक कंपनी त्यांच्या धुनांची तबकडी काढायला तयार होती, त्यांच्या नावासकट. या टेपमध्ये काही नवं निघालं तरच.

“चाळीस व्हायोलिनं खालच्या सुरात गुरगुरत्यात,” भिवाजी डोळे मिटून म्हणाला. “मग धप्प. धप्प. आन् मागनं ती बारीक किणकिण. किणकिण आली की समजायचं, आता कुणाची तरी खांडोळी व्हनार.”

“भावाला नदीत बुडवला, तवा तीच. सावकाराला खळ्यात कोयत्यानं तोडला, तवा बी तीच. तंबूत बाया पोरांचं डोळं न्हाई झाकत, कान झाकत्यात.”

“धप्प म्हंजी वाळूचं पोतं. काठीनं हानलेलं.”

“ओलं पोतं. कोरडं असं वाजत न्हाई. तू बँडात ढोलाशेजारी बसून बसून बधिर झालायस.”

“बरं, आन् किणकिण?”

“काचेचं झुंबर.”

“कोळवणात झुंबर? तुमच्या सासऱ्यानं धाडलं व्हतं काय?”

वत्सला हसली. कितीतरी महिन्यांनी.

आत आई पाट्यावर मिरच्या वाटत होती, ओढ्यातल्या गोट्याने. नवा वरवंटा आणते असं वत्सला मागेच म्हणाली होती, तर “भागतंय की,” एवढंच उत्तर आलं होतं.

“वहिनी एकदाच आल्या व्हत्या तंबूत,” हैबतराव हळूच म्हणाले. “पयल्या खुनाआधीच उठून गेल्या.”

“तिला संगीताचं वावडंच आहे,” वत्सला म्हणाली.

आईला डाव्या कानाने ऐकू येत नसे. हिला एक कान नाही आणि दुसऱ्याला सूर नाही, असं दादा हसत हसत म्हणायचे. पण जीवही लावायचे. दर महिन्याला कासाराला घरी बोलवायचे, पातळ काचेच्या बांगड्या स्वतः वाजवून निवडायचे आणि तिच्या कोपरापर्यंत भरायला लावायचे. गावातल्या बायकांना हेवा वाटे. शेवटी शेवटी आईने बांगड्या भरणंच सोडलं. दादा गेले त्या दिवशी बायका बांगड्या फोडायला आल्या, तर फोडायला काही नव्हतंच. मोकळ्या हातांनी नवरा खाल्ला, असं त्या आईला ऐकू जाईल अशा बेताने बोलल्या. वत्सलालाही त्या वेळी आईचा रागच आला होता.

तिने बटण दाबलं. आतला गोट्याचा आवाज थांबला.

खरखर. मग दादांचं खोकणं. वत्सलाने पदर तोंडाशी धरला.

“आजही मोकळेच हात?” दादांचा आवाज शांत होता, मऊ.

“वादकाला इचारतायत,” हैबतराव कुजबुजले.

धप्प. धप्प. धप्प.

भिवाजीने मान वर केली. “किणकिण न्हाई आली.”

“भर म्हटलं ना,” टेपवर दादा म्हणाले. “रीळ वाया जातंय.”

“बगा, काम म्हंजी काम. आवाज मनासारखा येईस्तवर सोडायचे न्हाईत.”

धप्प. टेपवर कुणाचा तरी श्वास अडकला. धप्प. मग दगडावर दगड घासल्याचा लांबट आवाज. आणि मग एकच, जड, आखूड. असा आवाज दादांच्या एकाही सिनेमात नव्हता. त्याच्यामागे काहीतरी कोसळलं. पुढे नुसती खरखर.

वत्सलाला यंत्र बंद करायचं होतं. रीळ फिरतच राहिलं.

“ह्ये नवं हाय,” हैबतराव पुढे सरकले. “तबकडी निघतीया, ताई. नारळ फोडलाय काय?”

“नारळ पोकळ वाजतो. ह्ये भरीव हाय. ओंडका असंल.”

“ओंडका असा वाजतोय व्हय? कायतरी दगडीच हाय. पर कंचं वाद्य म्हणायचं ह्ये?”

स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती. चांगला कान खोलीकडे वळवलेला, बोटांना मिरचीचं लाल पाणी.

“वरवंटा,” ती म्हणाली.